ब्रेकला सोवळं नसतं

आधीच सांगून टाकतो, आजचं लिखाण भांडणाचं आहे. ज्यांना जुन्या गाड्यांत अजिबात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. भांडण वरवर ब्रेक आणि शॉकअपचं दिसलं, तरी खरं ते "आमच्या वेळी असलं काही लागायचं नाही" या वाक्याशी आहे, आणि ते वाक्य प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे बसलेलं असतंच.

आमच्या घरात १९६८ सालची फियाट आहे. अकराशे डिलाइट. आजोबांनी घेतलेली. आता ती कुणा एकाची नाही, सगळ्या घराची आहे, त्यामुळे अर्धं वर्ष साताऱ्यात आणि अर्धं वर्ष सांगलीत असा तिचा मुक्काम असतो. साताऱ्यातल्या मुक्कामात मी तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा घातला, बूस्टर घातला, चारही शॉकअप नवे, बुश नवे, रेडियल टायर. बॉडीला, इंजिनाला, डॅशबोर्डला हात लावला नाही. यावर सांगलीहून काकांचा एका ओळीचा निरोप आला: दादांची गाडी बाटवलीस.

'बाटवलीस'! म्हणजे हा मेकॅनिकचा विषय राहिलेलाच नाही, सोवळ्याओवळ्याचा झालाय. काका, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे. फोनवर न बोलता इथे लिहितोय, कारण इथे मला मध्येच तोडता येत नाही :)

माझं म्हणणं थोडक्यात असं. जी जुनी गाडी रस्त्यावर धावते, जिच्यात आपली माणसं बसतात, तिचे ब्रेक आणि सस्पेन्शन आजच्या रस्त्याला पुरतील असे करून घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तिथे 'ओरिजिनल'चा हट्ट धरणं म्हणजे गाडीवरचं प्रेम नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली हौस आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा इतिहासाचा, कारण सोवळेवाले नेहमी इतिहासाच्या आड लपतात. डिस्क ब्रेक म्हणजे कालपरवाचं फॅड, जुन्या गाडीला ते शोभत नाहीत, असं ऐकवलं जातं. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली ती डिस्क ब्रेकच्या गाडीवर. १९५५ साली सिट्रोएनने डीएस बाजारात आणली, तिला पुढे डिस्क होते. आणि आपल्या फियाटचंच बोलायचं तर १९६६ साली इटलीत याच अकराशे घराण्यातली शेवटची गाडी, अकराशे आर, निघाली तेव्हा खुद्द फियाटने तिला पुढे डिस्क दिले. म्हणजे आमची डिलाइट कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्याच्या दोन वर्षं आधी तिच्या इटलीतल्या बहिणीला डिस्क ब्रेक मिळालेले होते. आपल्याला ड्रम मिळाले. ते कुणा रसिकाने निवडले होते का? नाही. परवान्याच्या राज्यात गिऱ्हाईकाने वर्षानुवर्षं नंबर लावून जे मिळेल ते घ्यायचं होतं, आणि बदल करण्याची कंपनीला काही घाई नव्हती. तीच गाडी नाव बदलून आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४च्या सुमारास पद्मिनी झाली. ड्रम तेच. टंचाईतून आलेली गोष्ट पन्नास वर्षांनी आपण 'परंपरा' म्हणून पुजायची, याला काय म्हणावं?

रॉकेलच्या रांगेची आठवण येते म्हणून कुणी आज स्टोव्हवर स्वयंपाक करत नाही.

दुसरा मुद्दा ओरिजिनल या शब्दाचाच. एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक परीक्षक माझ्या पुढच्या चाकाआड वाकून बघत होते. डिस्क दिसली आणि त्यांनी चेहरा असा केला की ताटात झुरळ सापडलं असावं. शेजारी एक चकचकीत गाडी होती, तिच्याकडे बघून मात्र ते खूष झाले. बरं, त्या गाडीचा रंग आजच्या पद्धतीचा, टू-के. टायर आजचे. बॅटरी आजची. सीटचं कापड आजचं. टाकीतलं पेट्रोल आजचं. १९६८च्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते देशभरातून २००० साली गेलं. आज पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि त्यासाठी सोवळेवालेसुद्धा गुपचूप कार्बोरेटरची रबरं आणि पेट्रोलचे पाइप बदलून घेतात. रबर चालतं, रंग चालतो, टायर चालतो. मग फक्त थांबण्याच्या बाबतीतच १९६८ का पाहिजे?

आणखी एक. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की त्यातली धूळ एअरच्या पाइपने फुर्र करून उडवायची ही आपल्या गॅरेजांची रीत, आणि ती पोरं तीच धूळ श्वासात घेत काम करत राहायची. ओरिजिनल हवंच असेल तर तेही घ्या म्हणावं. (ज्यांच्याकडे अजून जुने लायनर आहेत त्यांनी कृपया ती धूळ हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.)

तिसरा मुद्दा रस्त्याचा. काकांचं आवडतं वाक्य म्हणजे "दादांनी ही गाडी पन्नास वेळा महाबळेश्वरला नेली, कधी काही झालं नाही." नेली ना! पण कुठल्या रस्त्यावर नेली? तेव्हाचा पुणे-बेंगलोर रस्ता म्हणजे दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढी डांबराची पट्टी. समोरून एसटी, मागून मालट्रक, मधे बैलगाडी. वेग पन्नास-साठच्या पुढे क्वचित जायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे तेव्हा रस्त्यावर सगळ्यांचेच ब्रेक जवळपास सारखे होते. पुढची गाडी जेवढ्या अंतरात थांबायची तेवढ्याच अंतरात, दहा-पाच फूट इकडे तिकडे, आपणही थांबायचो.

आज तसं नाही. तोच रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आले, वेग वाढला. एप्रिल २०१९पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे आपल्या पुढची गाडी तिच्या मालकाला फारशी अक्कल नसली तरी व्यवस्थित, सरळ रेषेत, झपकन थांबते. आता थोडा हिशेब करा. समजा दोघंही ताशी ८०ने चाललोय आणि दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबला. पुढची गाडी सेकंदाला ८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करते, ती साधारण ३१ मीटरमध्ये उभी राहील. आपली जुनी गाडी त्याच्या निम्म्या दराने, म्हणजे ४ने. तिला ६२ मीटर लागतील. पण खरी भीती त्या ६२ची नाहीच. पुढची गाडी जिथे उभी राहिली त्या जागी पोचताना आपला वेग अजून ताशी ५६ असतो! ब्रेक पूर्ण दाबलेला असताना. हे गणित शाळेतलं आहे, कुणीही करून बघावं. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हेही त्यातच आलं.

म्हणजे आजोबांच्या वेळी जे पुरेसं होतं ते आज पुरत नाही, यात आजोबांचा अपमान कुठे आला? गाडी तीच आहे, आजूबाजूचं जग बदललंय.

चौथा मुद्दा घाटाचा. आम्ही साताऱ्याची माणसं घराबाहेर पडलो की घाटच. पुण्याला खंबाटकी, कासला यवतेश्वर, महाबळेश्वरला मेढ्याकडून केळघर नाहीतर वाईकडून पसरणी, कोकणात उतरायचं तर कुंभार्ली. पसरणीचं उदाहरण घेतो. पाचगणीपासून वाईपर्यंत साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर खाली उतरायचं. चार माणसं आणि सामान धरून फियाटचं वजन बाराशे किलो धरा. एवढं वजन एवढं खाली आणायचं तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात वीस लिटर थंड पाणी उकळीला येईल. म्हणजे एक मोठी बादली भरून आंघोळीचं कढत पाणी. सगळी उष्णता ब्रेकवर येत नाही हे मान्य, खालच्या गिअरमध्ये इंजिन बरंचसं अडवून धरतं, थोडं हवा अडवते. पण मागून हॉर्न वाजायला लागले, पुढे एसटी आली, की पाय ब्रेकवर जातोच, आणि बाकीची उष्णता त्या चार बंद डब्यांत शिरते.

ड्रमची गोची इथे आहे. तो बंद डबा आहे. तापला की लोखंड फुगतं, ड्रमचा व्यास वाढतो, म्हणजे तो लायनरपासून लांब जातो. मग पायाला पेडल आणखी खाली दाबावं लागतं. त्यात लायनर स्वतः तापून घसरडा झालेला. आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर तिसरं संकट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट थ्री जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असं मानक आहे, पण तेच पाणी प्यायलेलं ऑइल १४० अंशांनाही उकळू शकतं. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला तर दबतो. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी पुढे चालूच राहते. जुन्या फियाटीत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एका चाकाचा पाइप फुटला, एक रबर गेलं, की चारही चाकांचा ब्रेक गेला. खाली खोल दरी आणि हातात हँडब्रेक.

डिस्कचं उलट आहे. ती उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते. तापून फुगली तरी पॅडच्या दिशेने फुगते, लांब पळत नाही. पाऊस लागला तर फिरताना पाणी झटकून टाकते. साताऱ्याच्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरल्यावर गाडी अचानक एका बाजूला ओढते तो अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको.

इथे काका म्हणतील (म्हणालेच होते), "आमच्या सांगलीत कुठे आहे रे घाट?" खरंय. सांगली कृष्णाकाठी, तव्यासारखी सपाट. म्हणून पाचवा मुद्दा खास सांगलीकरांसाठी, सस्पेन्शनचा.

शॉकअप म्हणजे बुड दुखू नये म्हणून केलेली सोय, असा एक फार मोठा गैरसमज आहे. गाडी थांबते ती शेवटी टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने. टायर रस्त्याला टेकलेलाच नसेल तर जगातला कुठलाही ब्रेक काय करणार? स्प्रिंग आणि पाटे खड्डा गिळतात, पण एकदा हलले की हलतच राहतात. त्यांना आवरायचं काम शॉकअपचं. शॉकअप मेलेला असला की खड्ड्यानंतर चाक चेंडूसारखं टप्पे घेतं, आणि प्रत्येक टप्प्याला क्षणभर ब्रेक नसतो. सांगली-मिरजेकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणाऱ्या रस्त्याने कित्येक वर्षं लोकांचे मणके मोजून घेतले ते आपण सगळ्यांनी सोसलंय. अशा लाटांवर मेलेल्या शॉकअपची गाडी ताशी साठनेसुद्धा नीट थांबत नाही.

आणि मोसमात रस्त्यावर काय असतं? ऊस. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर दोन्हीकडे लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलात बुडालेला. रात्री आष्ट्याच्या पुढे असली ट्रॉली पन्नास मीटरवर एकदम अंधारातून उगवते तेव्हा सपाट प्रदेशाचा काही उपयोग होत नाही. घाटात ब्रेक हळूहळू हरतो, सपाटीवर एका सेकंदात निकाल लागतो. एवढाच फरक.

आता दुसऱ्या पंगतीकडे वळतो, नाहीतर सोवळेवाल्यांना वाटेल मी फक्त त्यांच्याच मागे लागलोय. दुसरी पंगत 'मॉडिफाय'वाल्यांची. यांच्याबद्दल मला जास्त राग आहे. हे लोक पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं दुप्पट ताकदीचं इंजिन बसवतात, पुढच्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापून गाडी खाली बसवतात, चाकं बाहेर येतील असे रुंद टायर घालतात, आणि ब्रेक? ते कंपनीचेच! कापलेली स्प्रिंग कडक होते, तिला हलायला जागा उरत नाही, खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटतं आणि चाक उडतं. उलट प्रकारही बघितलाय, मागे जास्त सामान भरता यावं म्हणून एक पाटा वाढवलेला. मग रिकाम्या गाडीचं मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला नाचतं आणि जोरात ब्रेक लागला की मागचा भाग पुढे यायला बघतो.

डिस्क बसवणाऱ्यांतही शहाणे कमीच. लोखंडी पट्टीचा तुकडा वेल्डिंग करून त्यावर कॅलिपर टांगलेले मी पाहिलेत. अहो, जोरात ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं आणि तो सगळा मार त्या तुकड्यावर बसतो. दुसरी चूक मास्टर सिलिंडरची. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखून ठेवणारा वाल्व्ह असू शकतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते, आणि सुधारणेच्या नावाखाली नवा धोका तयार होतो. तिसरं, ड्रममधला पुढचा बूट फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आणखी घट्ट बसतो. डिस्कमध्ये तसं होत नाही, तिला पायाचा जोर जास्त लागतो. म्हणून बूस्टर. आणि चौथं, पुढचा-मागचा तोल. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढे कितीही भारी डिस्क असोत.

मग करावं काय? विचारणाऱ्यांसाठी माझा क्रम सांगतो. आधी जे आहे ते नीट करा. ड्रम गोल आहे का बघा, नसेल तर लेथवर घेऊन टर्न करा, पण मर्यादेपलीकडे पातळ झाला असेल तर फेकून द्या. चारही व्हील सिलिंडर, रबरी होज, लायनर नवे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, हवा नीट काढा. पुढचे किंगपिन आणि बुश यांत प्ले आहे का ते गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून बघा. पाटे साफ करून त्यांचे बुश बदला. शॉकअप बघायचा तर मडगार्ड दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहिली तर शॉकअप गेला. बहुतेक गाड्या एवढ्यावरच ओळखू येणार नाहीत इतक्या सुधारतात, आणि हे सगळं तर ओरिजिनलच आहे, यावर कुणाचंही सोवळं मोडत नाही. त्यानंतर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. मग चांगले टायर. मग डिस्क आणि बूस्टर, तेसुद्धा ज्याने आधी हे काम केलंय आणि जो स्वतः त्या गाडीत बसून घाट उतरायला तयार आहे अशाच मिस्त्रीकडून. चासी कापायची नाही, जुने भोक मोठे करायचे नाहीत. उद्या कुणाला परत ड्रम लावायचे तर दोन दिवसांत लागले पाहिजेत. आमच्या गाडीचे जुने ड्रम, बॅकप्लेट, सिलिंडर सगळं ग्रीस लावून, चिठ्ठ्या चिकटवून, खोक्यात ठेवलंय. बाटवलेली वस्तू परत शुद्ध करायची सोय मी आधीच करून ठेवली आहे, काका!

कायद्याचं काय, असंही विचारलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या गोष्टी कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्यावर ठाम शिक्कामोर्तब केलं. इंजिन बदलणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, वीस हजार रुपये नोंदणी फी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. त्यात गाडी मूळ रूपात हवी आणि मोठे फेरफार नकोत असं म्हटलंय, आणि मोठे फेरफार म्हणजे काय हे सांगताना चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतलीत. ब्रेक आणि शॉकअप यांचं नाव त्यात नाही. म्हणजे सरकारलाही जे सोवळं सुचलं नाही ते आमच्या परीक्षकांना सुचतं. तरी कुणी काम काढण्याआधी आपापल्या आरटीओत विचारून घ्यावं हे बरं. त्याच नियमांत आणखी एक गंमत आहे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज फिरवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच. म्हणजे कायद्यालाही फरक कळतो: बघायची वस्तू वेगळी, वापरायची वेगळी.

आणि तिथेच मी सोवळेवाल्यांचं अर्धं म्हणणं मान्य करतो. एखादी गाडी खरोखर दुर्मिळ असेल, तिच्यासारख्या दोन-तीनच उरल्या असतील, तर तिचा एक नटही बदलू नका. ती इतिहासाचा कागद आहे, कागदावर कुणी खाडाखोड करत नाही. पण मग तिला ट्रेलरवरून न्या, मैदानात उतरवा, लोकांना दाखवा, परत न्या. फियाट डिलाइट आणि पद्मिनी तशा नाहीत. त्या हजारोंनी धावल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर होती. ही कामाची गाडी आहे, तिचा इतिहासच मुळी दुरुस्तीचा आहे. प्रत्येक टॅक्सीवाल्याने तिला आपल्या अक्कलेने, आपल्या पैशाने चालू ठेवली.

आपल्या भागाचा तर स्वभावच सुधारणेचा आहे, आणि म्हणून मला हे सोवळं इथे जास्त खुपतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा समज होता. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ते औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात नांगर आणि डिझेल इंजिनं बनली. आणि आमची फियाट ज्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने बनवली ती १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद, त्यांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत विश्रामबागेत आहे, काकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लाकडी नांगर ओरिजिनल होता म्हणून तोच धरून बसलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. लोखंडाने जमीन बाटली नाही. डिस्कने गाडी बाटत नाही.

राहता राहिला भावनेचा प्रश्न. तो मी उडवून लावत नाही. आजोबांनी ज्या पेडलवर पाय ठेवला त्याच पेडलवर आपण ठेवतो, हे सुख मलाही आहे. पण ते पेडल अजून तेच आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर तोच आहे, दार लावल्याचा आवाज तोच आहे, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास तोच आहे. पेडल दाबल्यावर पलीकडे काय होतं तेवढंच बदललंय. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, तिच्यात आजोबांची आठवण साठलेली आहे असं कुणी म्हणत असेल तर ती आठवण आजोबांची नसावी, स्वतःच्या हट्टाची असावी.

तेव्हा दिवाळीनंतर गाडी सांगलीला येईल, ती याच ब्रेकवर. काकांना ड्रम परत लावायचे असतील तर खोकं डिकीत असेल. फक्त एकच अट. ड्रम लावले की गाडी फाटकाच्या आत. मग तिला झाकून ठेवा, पुसा, दसऱ्याला हार घाला, पाहुण्यांना दाखवा. पण त्या एका सर्किटच्या भरवशावर काकूंना आणि नातवंडांना बसवून हायवेला न्यायचं नाही. ही अट मी लहान असूनही घालतोय, कारण मागच्या सीटवर बसणाऱ्यांना या वादात कुणी विचारलेलंच नाही. फियाटच्या मागच्या सीटला पट्टासुद्धा नाही.

बाकीच्या मंडळींना, ज्यांच्या घरी अशी एखादी फियाट, अँबॅसडर, जीप उभी आहे, एवढीच विनंती: या रविवारी पुसायच्या आधी एकदा ड्रम उघडा. ऑइलचा रंग बघा. काळं झालं असेल तर क्रोमवर ब्रासो नंतर मारता येईल.